अमेरिकेत जुन्या नर्स अ‍ॅनेस्थेटिस्टचं (भूल देणाऱ्या नर्सचं) लायसन्स जाणार नाहीये
नर्सिंगच्या ग्रुपांवर परत तोच मेसेज फिरतोय, की अमेरिकेत २०२५ पासून डॉक्टरेट नसलेल्या नर्स अ‍ॅनेस्थेटिस्टना घरी बसवणार. असं काही नाहीये बाबांनो. नियम नव्याने शिकणाऱ्यांना आहे, १ जानेवारी २०२२ पासून जे कोर्सला लागले त्यांना डॉक्टरेटचाच प्रोग्रॅम करावा लागतो, आधी मास्टर्स करून सर्टिफाय झालेले आरामात काम करतायत. आणि ही डॉक्टरेट म्हणजे नुसता प्रबंध खरडणं नव्हे, आत शिरायलाच आयसीयूत किमान १ वर्ष काढलेलं लागतं, मग ३ वर्षं, त्यात कमीत कमी ६०० केसेस आणि २००० तास क्लिनिकल, श्वासनलिकेत ट्यूब टाकण्यापासून स्पायनलपर्यंत (पाठीच्या मणक्यात द्यायची भूल), वर नॅशनल परीक्षा. "सगळं घरबसल्या ऑनलाइन होतं" म्हणणाऱ्या एजंटाला विचारा, ६०० केसेस काय लॅपटॉपवर करणार?