चाकरमान्यांनो, जुना लॅपटॉप भंगारात घालू नका

गेल्या गणपतीत मुंबईहून आलेल्या चुलतभावाने ओटीवर एक लॅपटॉप आणून ठेवला. म्हणाला, "चललो तर चललो, नायतर भंगारात घाल." सहाव्या पिढीचा आय-फाइव्ह, 8 जीबी रॅम. मशीन धडधाकट. पण विंडोज 11 ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर आणि टीपीएम 2.0 ही सुरक्षेची चिप लागते, आणि विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. एवढ्यावरून चांगलं यंत्र निकामी ठरवायचं, हे मला अजिबात पटत नाही.

मागचं झाकण उघडलं तर रॅमच्या सोनेरी पट्टीवर हिरवट थर. मुंबई काय न आमचं मालवण काय, हवा खारीच. शाळेतला खोडरबर घेऊन पट्टी हलक्या हाताने घासली, ब्रशने स्लॉट झाडला, जुनी हार्ड डिस्क काढून 240 जीबीची एसएसडी, म्हणजे वेगवान नवी डिस्क, बसवली. विंडोजच्या जागी चालणारी फुकट लिनक्स मिंट, तिची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती, कुडाळच्या मित्राकडे फायबर आहे तिथून पेन ड्राइव्हवर आणली होती. अर्ध्या तासात लॅपटॉप चालू. जो आधी चहा उकळेपर्यंत सुरू व्हायचा नाही, तो आता बटण दाबून पाट मांडेपर्यंत तयार असतो.

लिनक्सवर माझं प्रेम आहे त्यामागे एक जुना राग आहे. काही वर्षांपूर्वी भरतीचा फॉर्म भरायची शेवटची संध्याकाळ होती. लाइट गेलेली, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर लॅपटॉप लावलेला, रेंज फक्त गडग्याकडे उभं राहिलं तर. मध्येच न विचारता विंडोजचा अपडेट उतरायला लागला आणि दिवसाचा सगळा डेटा खाऊन मोकळा झाला. फॉर्म राहिला तो राहिलाच. मिंटमध्ये अपडेट आला की खाली खूण दिसते, बस्स. कधी घ्यायचा ते मी ठरवतो. ज्याच्याकडे चोवीस तास वायफाय आहे त्याला ही गोष्ट किरकोळ वाटेल. दीड जीबीवर दिवस काढणाऱ्याला विचारा.

सगळ्यांनी आजच लिनक्स टाका, असं मी म्हणणार नाही. डीटीपीचं काम श्रीलिपीवर करणाऱ्याने, टॅलीवर पोट असणाऱ्याने विंडोजच ठेवावं. व्हॅलोरंट खेळणाऱ्या पोरांनीही. त्या गेमचा अँटी-चीट, म्हणजे लबाडी पकडणारा प्रोग्राम, थेट विंडोजच्या गाभ्यात बसतो, लिनक्सवर तो चालतच नाही. बाकी "लिनक्सवर गेम चालत नाहीत" हे वाक्य मात्र आता जुनं झालं. 2018 मध्ये व्हॉल्व्ह या गेम कंपनीने प्रोटॉन आणलं. विंडोजसाठी लिहिलेला गेम जे काही मागतो, ते प्रोटॉन लिनक्सला समजेल अशा भाषेत फिरवून देतं. त्यांचा 2022 चा स्टीम डेक, हातात धरून खेळायचा छोटा कॉम्प्युटर, त्याच जोरावर उभा आहे. जुन्या लॅपटॉपवर आजचे भारी गेम पळणार नाहीत, ती मर्यादा ग्राफिक्सची.

पण मला खरं सांगायचंय ते भाच्याबद्दल. सातवीत आहे. दिवसभर मोबाइलवर गेम, म्हणून ताई रडकुंडीला आली होती. मी गेम बंद करायला सांगितलं नाही, त्याला हा लॅपटॉप दिला आणि त्यात लुआंटी टाकून दिलं. पूर्वी याचं नाव मिनटेस्ट होतं. ठोकळ्यांनी जग बांधायचं, फुकट, आणि सगळा कोड उघडा. मॉड, म्हणजे खेळात आपली भर घालणारे तुकडे, लिहायचे ते लुआ भाषेत. ही भाषा 1993 मध्ये ब्राझीलमध्ये जन्मली, पोर्तुगीजमध्ये लुआ म्हणजे चंद्र. हे ऐकूनच तो खूश.

त्याला खेळात घर बांधायचं होतं, पण आपल्यासारखं, चिऱ्याचं, म्हणजे जांभ्या दगडाचं. मग अंगणातल्या चिऱ्याचा फोटो काढला, 16 बाय 16 पिक्सेलचा केला आणि नवा नोड, म्हणजे ठोकळ्याचा नवा प्रकार, नोंदवला. पहिल्यांदा एक कंस राहिला, तर एररने ओळीचा नंबरच सांगितला. तो दुरुस्त झाला. भिंत उभी राहिली. आणि हाक आली, "मामा, चिरो फुटनाच नाय!" ठोकळा कशाने फुटतो हे कोडमध्ये त्याच्या 'ग्रुप' या भागात लिहावं लागतं, ते त्याने लिहिलंच नव्हतं. मी उत्तर दिलं नाही. साध्या दगडाचा कोड उघडून दिला. दहा मिनिटांनी त्याने स्वतःच 'क्रॅकी = 3' लिहिलं, कुदळ मारली, चिरा फुटला. मोबाइलवर हजार तास खेळून त्याच्या तोंडावर तसा आनंद मी पाहिला नव्हता.

म्हणून सांगतो, पोरांच्या हातात मोबाइल देऊन "कॉम्प्युटर येतो त्याला" म्हणू नका. मोबाइलवर खेळता येतं, खेळाच्या आत शिरता येत नाही. पुढच्या सणाला येताना माळ्यावरचा लॅपटॉप घेऊन या, चार्जर विसरू नका. पेन ड्राइव्ह माझ्याकडे आहे.

आता त्याचा नवा हट्ट आहे, पावसाळ्यात चिऱ्यावर धरतं तसं शेवाळ खेळात आणायचं. आम्ही लुआंटीवरच्या 'मिनटेस्ट गेम' या खेळाचा कोड चाळला, तर पाण्याजवळच्या दगडावर शेवाळ चढवणारा भाग तिथे आधीच लिहिलेला. दर 16 सेकंदांनी तपासायचं, 200 मध्ये एकदा शेवाळ. भाचा म्हणतो, आपल्याकडे एवढ्या हळू धरत नाही. काल रात्री त्याने 200 चे 20 केलेत.