ऑटो होल्ड: गुडघा सुखी, सवय वाईट

परवा इंदूरच्या पलासिया चौराह्यावर मी एका ई-रिक्षाला मागून ठोकलं. ठोकलं म्हणजे टेकवलं. पण मागचा पत्रा चेपला तो चेपलाच. रिक्षावाला उतरला, पत्र्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "क्या मॅडम, सो गए थे क्या?"

झोपले नव्हते. चांगली जागी होते, सिग्नलचे उलटे आकडे मोजत होते. फक्त पाय ब्रेकवर नव्हता. तो का नव्हता, त्यावर ही पोस्ट. लांब आहे, पोह्यांची प्लेट घेऊन बसा.

माझं रोजचं जाणं-येणं रामबाग ते विजयनगर. एमजी रोड, रीगल, पलासिया, तिथून एबी रोड. बीआरटीएस, म्हणजे बसची वेगळी मार्गिका, २०१३ मध्ये आली, २०२५ मध्ये हायकोर्टानं काढायला सांगितली, पण माझ्या वाटेचे सिग्नल काही कमी झाले नाहीत. गाडी ऑटोमॅटिक. ज्यांनी चालवली नाही त्यांच्यासाठी सांगते: डी मध्ये, म्हणजे पुढे जायच्या गिअरमध्ये, असताना रेस न देताही ही गाडी हळूहळू पुढे सरकते. म्हणजे सिग्नलला उभं राहायचं तर पूर्ण वेळ ब्रेक दाबून धरायचा. वय ५३, उजवा गुडघा आधीच कुरकुरणारा. घरी पोचेपर्यंत पिंडरीत गोळे यायचे.

गाडी घेतली तेव्हा शोरूममध्ये हार झाला, नारळ झाला, चावीची पुठ्ठ्याची भलीमोठी प्रतिकृती हातात देऊन फोटोही झाला. गिअरच्या शेजारचं 'ऑटो होल्ड' लिहिलेलं बटण कशाचं, हे मात्र कोणी सांगितलं नाही. मला वाटलं, पार्किंग ब्रेकचंच काहीतरी असेल. चार महिन्यांनी भाच्यानं दाबून दाखवलं. "मावशी, आता ब्रेक मारून थांब आणि पाय काढ." काढला. गाडी ढिम्म. मला रडूच यायचं बाकी होतं.

आत काय होतं ते मग त्याच्याकडूनच समजून घेतलं. आपण ब्रेक दाबतो तेव्हा ब्रेक ऑइलचा दाब चाकांपर्यंत जातो. गाडी पूर्ण थांबली की ही यंत्रणा झडपा बंद करून तो दाब तिथेच कोंडून ठेवते. पाय काढला तरी ब्रेक लागलेलाच. थोडी रेस दिली की सुटतो. बराच वेळ तसंच उभं राहिलं तर गाडी स्वतःच इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेक लावून घेते. चढावर दोन-तीन सेकंद गाडी धरणारा हिल होल्ड वेगळा. लोक दोन्हींत गल्लत करतात आणि हिल होल्डच्या भरवशावर पाय काढून बसतात. करू नका.

शास्त्री पुलाच्या चढावर संध्याकाळी साडेसहाला अडकलेल्यांना याची किंमत कळेल. पुढे सिटी बस, मागे बंपरला चिकटलेली ॲक्टिव्हा, एक वीत मागे जायची सोय नाही. पहिल्यांदा तिथे मी पाय काढून निवांत बसले, तेव्हा शेजारी बसलेले बाबा कासावीस. "हँडब्रेक ओढ! ओढ आधी!" बाबा ८४ वर्षांचे. ओंकारेश्वरला जाताना सिमरोल ओलांडलं की भेरूघाट लागतो, तिथे आमची जुनी फियाट हमखास तापायची. बाबा ब्रेकवर उभे, आई देवाचं नाव घेतेय आणि मी खाली उतरून मागच्या चाकाला दगड लावतेय, हे माझं सगळं बालपण. त्यांना ऑटो होल्डचा हिरवा दिवा दाखवून म्हटलं, "बाबा, हा बघा तुमचा दगड." ते म्हणाले, "दगड दिसतो तरी."

तेव्हा हसले होते. परवा पटलं.

कारण परवाची गाडी माझी नव्हतीच. माझी सर्व्हिसिंगला, म्हणून धाकट्या भावाची आणली होती. तीही ऑटोमॅटिक, पण जुनी, ओढायच्या हँडब्रेकची, ऑटो होल्ड नसलेली. लाल सिग्नल, गाडी थांबली, आणि दोन वर्षांच्या सवयीनं पाय आपला आपण उचलला गेला. मी ठरवून नाही उचलला हो! डोक्याला पत्ताच नाही. गाडी सरकली आणि पुढे ई-रिक्षा.

म्हणून एका बाबतीत माझं मत पार उलटं झालंय. काही गाड्या ऑटो होल्ड चालू ठेवलेलं लक्षात ठेवतात, काही प्रत्येक वेळी गाडी सुरू केली की विसरतात. माझी विसरणारी. रोज सकाळी बटण दाबताना मी चिडायचे, एवढे पैसे घेता आणि एवढंही लक्षात ठेवता येत नाही? आता वाटतं, विसरते तेच बरं. हातानं बटण दाबलं की मनात नोंद होते, आज दगड लागलाय. भाच्याला हे मुळीच पटत नाही. तो म्हणतो, विसरणाऱ्या गाडीतच घोटाळा जास्त, बटण दाबायचं राहून गेलं तर? त्याचंही खरं आहे. म्हणून आता दिवा हिरवा झालेला दिसल्याशिवाय पाय काढत नाही. पांढरा म्हणजे नुसतं बटण चालू आहे, गाडी धरलेली नाही. निदान माझ्या गाडीत तरी असं आहे, तुमच्यात रंग वेगळे असतील, पुस्तक काढून बघा.

रामबागेतल्या गल्लीत गाडी लावताना मात्र मी ते बंदच करते. तिथे इंचाइंचानं सरकायचं असतं, आणि हे प्रत्येक थांब्याला गाडी पकडून ठेवतं. सोडवायला रेस द्यावी तर गाडी झटक्यानं उडी मारते आणि समोर जोशीकाकूंची तुळस. आणि भाजी घ्यायला 'एक मिनिट' उतरायचं असेल तर पी, म्हणजे पार्किंगचा गिअर, आणि पार्किंग ब्रेक, काही ऐकायचं नाही. ऑटो होल्डवर गाडी डी मध्येच असते, हे विसरून लोक पट्टा सोडून दार उघडतात. पुष्कळ गाड्या अशा वेळी स्वतः पार्किंग ब्रेक लावतात, पण ही परीक्षा कशाला घ्या?

रिक्षावाल्याला पाचशे रुपये दिले. भावाच्या बंपरवर बारीक ओरखडा आहे, नीट बघितलं तरच दिसतो. तो फेसबुकवर नसतो. वहिनी असते. वहिनी, प्लीज.