‘समुद्र तापला तर शेवाळ वाढेल’ म्हणे!

परभणीत माझं कृषी सेवा केंद्र आहे. गेल्या आठवड्यात तीन गिऱ्हाइकांनी एकच मेसेज दाखवला. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: समुद्र तापतोय म्हणून रडू नका, ऊन वाढलं की शेवाळ वाढतं, आपल्या विहिरीत बघा. जगाचा 70 टक्के ऑक्सिजन समुद्री शेवाळ देतं. सगळा कार्बनही तेच गिळून टाकेल. आणि मराठवाड्याचा समुद्राशी संबंधच काय?

“भाऊ, मग कशाला इतकं घाबरायलेत लोकं?” एका काकांनी विचारलं. बी.एस्सी.ला वनस्पतिशास्त्र होतं माझं. गिऱ्हाइकांच्या गर्दीत सांगायचं राहून गेलं, ते इथं सांगतो.

आधी विहीर. तिच्यातलं हिरवं शेवाळ वाढतं ते नुसत्या उन्हानं नाही. पाणी साचलेलं असतं आणि शेतातलं खत झिरपून त्यात उतरलेलं असतं. समुद्रातलं केल्प वेगळं. खडकाला धरून उभं राहणारं हे तपकिरी शेवाळ, त्याची पाण्याखाली जंगलंच असतात. त्याला उजेड हवा, पण पाणी गार लागतं. कापसाला चालणारं ऊन गव्हाला चालतं का? फेब्रुवारीत एकदम तापलं की दाणा बारीक राहतो, हे मी कुणाला सांगायला नको.

पश्चिम ऑस्ट्रेलियात हे घडून गेलंय. 2011 च्या सुरुवातीला, म्हणजे तिकडच्या उन्हाळ्यात, तिथलं समुद्राचं पाणी कित्येक आठवडे नेहमीपेक्षा दोन-तीन अंशांनी जास्त तापलेलं होतं. सागरी परिसंस्थांचे अभ्यासक थॉमस वर्नबर्ग आणि त्यांचे सहकारी त्या किनाऱ्यावर आधीपासून पाण्याखाली उतरून मोजदाद करत होते, म्हणून आधीचं आणि नंतरचं दोन्ही त्यांच्याकडे होतं. 2016 साली त्यांनी मांडलेला हिशेब असा: तिथलं 43 टक्के केल्पचं जंगल गेलं आणि उत्तरेकडची त्याची हद्द 100 किलोमीटर मागे सरकली. पाणी पुढं निवलं, पण जंगल परतलं नाही. खडकांवर बुटकं, हरळीसारखं शेवाळ पसरलं आणि उष्ण पाण्यातून आलेले मासे केल्पचे कोवळे कोंब खाऊ लागले. मोकाट जनावरं सुटलेल्या रानात नवी रोपं जगतील का?

मेसेजवाल्यानं विहिरीचं नाव काढलंच आहे, तर एप्रिलमध्ये तिच्यात उडी मारून बघा. वरचं पाणी कोमट, पाय खाली गेले की गार. कोमट पाणी हलकं, ते वरच तरंगतं. समुद्रातही तेच होतं, आणि नत्रासारखं खत असतं खालच्या गार पाण्यात. वरचा थर जितका तापेल तितकं खालचं वर यायला अवघड. म्हणजे उष्णतेचा मार बसतो आणि वर उपासमारही होते.

काही शेवाळं फोफावतात, हे खरं आहे. अटलांटिकमध्ये 2011 पासून तरंगत्या सारगॅसमचे लांबच लांब पट्टे येतायत. कॅरिबियन बेटांच्या किनाऱ्यांवर ते कुजून सडक्या अंड्यांसारखा वास सुटतो. तण फोफावलं म्हणून पीक चांगलं आलं, असं आपण म्हणत नाही.

70 टक्के ऑक्सिजनची गोष्ट दोन वाक्यांत संपते. पृथ्वीवरच्या प्रकाशसंश्लेषणापैकी साधारण निम्मं समुद्रात होतं, पण त्यातलं बहुतेक डोळ्यांना न दिसणारे, पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव करतात. त्या ऑक्सिजनपैकी जवळजवळ सगळा समुद्रातच वापरला जातो.

आता कार्बन. जगभरचं मोठं शेवाळ दरवर्षी किती कार्बन कायमचा गाडत असेल, याचा 2016 सालचा एक अंदाज आहे 17 कोटी टनांचा. तोही फार ढोबळ, 6 पासून 27 कोटींपर्यंत कुठंही. आपण कोळसा, तेल, गॅस जाळून सोडतो साधारण 1000 कोटी टन. म्हणजे रुपयातले पावणेदोन पैसे. शिवाय केल्प मरून कुजलं की त्यातला बराचसा कार्बन पुन्हा पाण्यात आणि हवेत.

राहिला मराठवाडा. इथून समुद्र गाठायचा तर देवगिरी एक्स्प्रेसमध्ये एक रात्र काढावी लागते, कबूल. पण अर्धापूरकडच्या शेतकऱ्यांनी लावलेली टिश्यू कल्चर केळीची रोपं लहानपणी बरणीतल्या ज्या जेलीवर वाढतात, ती बहुधा अगरची असते. अगर लाल समुद्री शेवाळापासून निघतं.

काकांना मी फळीवरची, पिकांवर फवारायच्या ‘सीवीड’ची बाटली काढून दिली. झाकण उघडलं तर आत काळसर, खारट वासाचं पाणी. अशा बऱ्याच बाटल्यांत अ‍ॅस्कोफायलम नावाच्या समुद्री शेवाळाचा अर्क असतो. ते शेवाळ कॅनडा, आयर्लंड, नॉर्वेच्या गार किनाऱ्यांवर येतं. काहींत तमिळनाडूच्या किनाऱ्यावर लावलेलं कॅपाफायकस हे दुसरं शेवाळ असतं, आणि पाणी फार तापलं की त्याच्या फांद्या पांढऱ्या पडून तुटतात.

काकांनी चष्मा लावून लेबल वाचलं, वास घेतला आणि माझ्याकडं बघितलं. “म्हणजे आपण मोसंबीवर मारतो ते हे समुद्रातलं हाय व्हय?”