‘मेलिंग लिस्ट बंद करा’ म्हणणाऱ्या पोस्टला उत्तर

सॉफ्टवेअरवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांत आणि लिंक्डइनवर एक पोस्ट दर काही महिन्यांनी नव्या माणसाच्या नावावर फिरते. मजकूर थोडा इकडचा तिकडे होतो, मुद्दे तेच राहतात. प्रोजेक्टची चर्चा ईमेलच्या लिस्टवर (एका पत्त्यावर टाकलेला मेल सगळ्या सभासदांना जातो ती यादी) करणं हे म्हाताऱ्यांचं खूळ आहे, नवी पोरं तिथे फिरकत नाहीत, उत्तराला दिवसच्या दिवस लागतात, जुनं काही सापडत नाही, इनबॉक्स तुंबतो, लोक एकमेकांच्या अंगावर धावून जातात, आणि लिस्ट चालवणं ही नसती कटकट आहे. शेवटी सल्ला असा, की स्लॅक नाहीतर डिस्कॉर्डसारखं चॅट उघडा आणि लिस्टला कुलूप लावा. आमच्या छोट्या ओपन सोर्स प्रोजेक्टच्या ग्रुपवर ती परवा पुन्हा आली आणि खाली अंगठ्यांची रांग लागली. आमच्या लिस्टचं मॉडरेशन माझ्याकडे आहे, म्हणून उत्तरही मीच देतो. मुद्दे सगळे घेतो, पण पोस्टच्या क्रमाने नाही.

“जुनं काही सापडत नाही.” यापासूनच सुरुवात करू, कारण इतका उलटा दावा दुसरा नाही.

पोस्टग्रेस या ओपन सोर्स डेटाबेसचं उदाहरण घ्या. मार्च २०१८ मध्ये त्यांच्या ‘पीजीएसक्यूएल-हॅकर्स’ लिस्टवर क्रेग रिंगर यांनी एक मेल टाकला. विषय होता एफसिंक. डेटाबेस ऑपरेटिंग सिस्टीमला सांगतो, “एवढा डेटा खरोखर डिस्कवर उतरव आणि मग मला कळव.” तो कॉल म्हणजे एफसिंक. तो फसला तर पोस्टग्रेस पुन्हा तोच कॉल करायचा, आणि दुसऱ्यांदा ‘झालं’ असं उत्तर आलं की निर्धास्त व्हायचा. लिनक्सवर गोम अशी होती, की पहिल्यांदा चूक कळवून झाली की मेमरीतली ती न लिहिली गेलेली पानंसुद्धा ‘लिहून झाली’ म्हणून धरली जायची. म्हणजे दुसऱ्या वेळचं ‘झालं’ खोटं. डिस्कवर काहीच उतरलेलं नाही आणि डेटाबेस मात्र खुशाल पुढे चाललेला.

त्या थ्रेडमध्ये, म्हणजे मूळ मेल आणि त्यावरच्या उत्तरांच्या साखळीत, पुढे काय काय झालं ते आजही कुणालाही वाचता येतं. असं खरंच होतं का, इथपासून सुरुवात. मग फ्रीबीएसडी काय करतं, कोणत्या फाइल सिस्टीमवर काय होतं, कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, लोकांचं म्हणणं काय, आणि सगळ्यांत अवघड प्रश्न: मग आपण करायचं काय? फेब्रुवारी २०१९ मध्ये आलेल्या ११.२ आवृत्तीत उत्तर उतरलं. एफसिंक फसला की पोस्टग्रेस पुन्हा प्रयत्न करत बसत नाही. तो स्वतःला पाडतो आणि लॉगमधून (आधी टिपून ठेवलेल्या बदलांच्या नोंदीतून) सगळं पुन्हा उभं करतो. ज्या कमिटने (कोडमधल्या बदलाच्या नोंदीने) हा बदल केला त्याच्या मजकुरात ‘डिस्कशन’ अशी ओळ आहे आणि तिच्यापुढे त्या चर्चेचा पत्ता. आज डेटाबेस सांभाळणाऱ्या एखाद्या नव्या माणसाला प्रश्न पडला, “हा डेटाबेस एवढ्या कारणाने स्वतःहून का कोसळतो?” तर कोडवरून कमिटवर आणि कमिटवरून त्या मूळ वादावर पोचायला त्याला दोन क्लिक लागतात. हीच चर्चा चॅटवर झाली असती तर? स्लॅकच्या फुकट प्लॅनवर सप्टेंबर २०२२ पासून फक्त नव्वद दिवसांचे मेसेज दिसतात, आणि ऑगस्ट २०२४ पासून एका वर्षाहून जुनं ते पुसूनच टाकतात. या नियमांनी मार्च २०१८ चा वाद फेब्रुवारी २०१९ मध्ये आवृत्ती बाहेर पडेपर्यंतसुद्धा दिसत राहिला नसता. डिस्कॉर्डवर मेसेज राहतात, पण लॉगइनच्या आत; गूगलवर शोधणाऱ्याला ते असून नसल्यासारखे.

शिवाय प्रत्येक मेलला पाठवतानाच एक मेसेज-आयडी मिळतो आणि तो मेल कुठेही गेला तरी तोच राहतो. लिनक्स कर्नलच्या लिस्टांचा अर्काइव्ह (जुन्या मेलचा साठा) ‘लोअर’ या साइटवर आहे, आणि तिथल्या पत्त्यांत हाच आयडी असतो. तो अर्काइव्ह गिट या, कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या अवजाराच्या रिपॉझिटरीच्या रूपात ठेवलेला आहे. ज्याला हवा त्याने अख्खा क्लोन करून घरच्या मशीनवर ठेवावा. २०१६ मध्ये जीमेन या मोठ्या अर्काइव्हची वेबसाइट अचानक बंद झाली तेव्हा ठिकठिकाणच्या लिंका मेल्या, पण मेल स्वतः दुसऱ्या अर्काइव्हांत आणि लोकांच्या मेलबॉक्सांत होतेच. चॅटची कंपनी उद्या बंद झाली तर तुमच्या हातात काय उरतं, हे त्या पोस्टवाल्याने सांगावं.

“उत्तराला दिवस लागतात.” लागतात, आणि बऱ्याचदा ते बरंच असतं. बरेच ओपन सोर्स प्रोजेक्ट सांभाळणाऱ्या अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशनमध्ये रिलीजच्या मतदानाला निदान बहात्तर तास द्यायचे असा दंडक आहे. निर्णय लिस्टवर झाला नसेल तर तो झालाच नाही, असं तिथे मानतात. यामागे साधी गोष्ट आहे. पुण्यात सकाळ असते तेव्हा कॅलिफोर्नियात रात्र असते. कुणाचा शनिवार-रविवार मध्ये येतो. कुणी दिवसा नोकरी करून रात्री प्रोजेक्टचं काम करतो. चॅटवर अर्ध्या तासात जे ‘ठरतं’ ते त्या अर्ध्या तासात जागे आणि मोकळे असलेल्यांनी ठरवलेलं असतं. उरलेल्यांना सकाळी उठून दोनशे मेसेज वर सरकवत बसावं लागतं.

मेलमध्ये उत्तर लिहिण्याची पद्धतही इथे कामाला येते. समोरच्याचं एक वाक्य ठेवायचं, त्याखाली आपलं म्हणणं, मग पुढचं वाक्य, पुन्हा आपलं म्हणणं, आणि बाकीचं छाटून टाकायचं. असं:

> कॅशे बंद केला तर लोड वाढेल.
वाढेल, पण फक्त पहिल्या रिक्वेस्टला. मी मोजलेले आकडे खाली जोडले आहेत.
> सेटिंग युजरवर सोडूया का?
नको. यावर मागच्या वर्षी चर्चा झाली होती, लिंक देतो.

दोन प्रश्न, दोन उत्तरं, आणि तिसऱ्या माणसाला तीन वर्षांनीही कळेल की कोण कशाला काय म्हणालं. सगळा जुना मेल खाली लटकवत ठेवून वर “ओके, थँक्स” लिहिणाऱ्यांनी ही पद्धत बदनाम केली, हे खरं. पण ते ऑफिसच्या मेलची सवय घरी घेऊन आलेले लोक आहेत.

चॅट नको असं मी म्हणत नाही. रात्री सर्व्हर पडला, बिल्ड फुटला, कॉन्फरन्समध्ये कोण कुठल्या हॉलमध्ये आहे, या सगळ्याला चॅटच हवं. फक्त तिथे काही ठरलं, तर कुणीतरी चार ओळी लिस्टवर टाकाव्यात. नाहीतर पुढच्या महिन्यात तोच प्रश्न, तीच चर्चा, पहिले पाढे पंचावन्न.

“नवी पोरं येत नाहीत.” लिनक्स कर्नलचं काम अजूनही मुख्यतः ईमेलवर चालतं. पॅच (कोडमधले सुचवलेले बदल) मेलने येतात, रिव्ह्यू मेलवर होतो, सुधारलेला पॅच “व्ही२”, “व्ही३” असा पुन्हा मेलनेच जातो. दर नऊ-दहा आठवड्यांनी नवी आवृत्ती निघते, तिच्यात साधारण दोन हजार जणांचं काम असतं, आणि त्यांतले दोनशेहून अधिक लोक पहिल्यांदाच आलेले असतात. दर आवृत्तीला. नवी माणसं न येणारा प्रोजेक्ट असा दिसत नाही.

मात्र या मुद्द्यात तथ्य अजिबात नाही असं म्हणणं खोटेपणाचं होईल. पहिला पॅच पाठवताना घाम फुटतो. कर्नलच्या लिस्टा एचटीएमएल मेल सरळ परत पाठवतात. जीमेलच्या खिडकीत पॅच पेस्ट केला की टॅबची स्पेस होते आणि पॅच लागत नाही. हिंजवडीतल्या कुठल्याही कंपनीतल्या माणसाला आणखी एक अडचण ओळखीची असेल. ऑफिसच्या पत्त्यावरून पाठवलेल्या प्रत्येक मेलखाली कंपनीचा सर्व्हर आपोआप लटकवतो, “हा मेल गोपनीय असून ज्याला पाठवला त्याच्याखेरीज कुणी वाचल्यास...” आणि हे जातं जगजाहीर लिस्टवर! मेंटेनर (प्रोजेक्ट सांभाळणारे) असा मेल बाजूला ठेवतात, आणि त्यांचं बरोबर आहे. गोपनीय म्हणून आलेला कोड कुणी का घ्यावा? पाठवणाऱ्याला मात्र आपलं काय चुकलं ते कळतच नाही.

पण या अडचणींवर लोकांनी वाटा काढल्या आहेत आणि पोस्टमध्ये त्यांचा पत्ता नाही. ‘गिट सेंड-ईमेल’ पॅच जसाच्या तसा पाठवतं. कर्नलवाल्यांकडे त्यासाठी ‘बी४’ हे अवजार आहे. खुद्द गिटच्या विकासासाठी ‘गिटगिटगॅजेट’ आहे, म्हणजे तुम्ही गिटहब या कोडच्या साइटवर पुल रिक्वेस्ट (बदल घेण्याची विनंती) उघडा, लिस्टवर मेल ते पाठवेल. कर्नल आणि गिट या दोन्ही ठिकाणी लिहिण्यासाठी लिस्टचं सभासद व्हावं लागत नाही, उत्तर देणारे ‘रिप्लाय ऑल’ करतात आणि ते तुमच्यापर्यंत पोचतं. नव्या माणसासाठी प्रोजेक्टने पहिलं काय करावं, तर एक पान लिहावं: मेल कोणत्या पत्त्यावरून पाठवायचा, कसा, आणि उत्तर आलं नाही तर किती दिवसांनी आठवण करायची. शेवटचं कुणी सांगत नाही आणि पोरं पहिल्या शांततेतच पळतात.

पोस्टवाले पायथॉन (प्रोग्रॅमिंगची भाषा) आणि ग्नोम (लिनक्सवरचा डेस्कटॉप) यांचं नाव घेतात. हे दोन्ही प्रोजेक्ट २०२२ मध्ये आपल्या मुख्य लिस्टा सोडून गेले, हे खरं आहे. पण गेले कुठे? डिस्कोर्स या वेब फोरमवर (डिस्कॉर्ड वेगळं). तिथली चर्चा उघडी असते, गूगलला दिसते, प्रत्येक पोस्टला कायमचा पत्ता असतो, आणि ती मेलवर वाचून मेलवरूनच उत्तरही देता येतं. लिस्टचे गुण सांभाळत केलेलं स्थलांतर आहे ते. त्यावरून डिस्कॉर्ड उघडायचा निष्कर्ष निघत नाही.

“इनबॉक्स तुंबतो.” फिल्टर लावा. लिस्टच्या प्रत्येक मेलच्या हेडरमध्ये लिस्ट-आयडी असतो, त्याचं प्रमाण २००१ पासून ठरलेलं आहे. एक नियम, एक फोल्डर, काम संपलं. तेही नको असेल तर सभासद न होता अर्काइव्ह वाचा.

“लोक अंगावर धावतात.” यावर मला थोडं थांबायचं आहे. कर्नलच्या लिस्टवर वर्षानुवर्षं जी भाषा चालली ती कुणी नाकारत नाही. सप्टेंबर २०१८ मध्ये लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी त्याच लिस्टवर माफी मागितली, काही काळ रजा घेतली, आणि त्याच सुमारास प्रोजेक्टने आचारसंहिता स्वीकारली. डिस्कॉर्डवर लोक गोड बोलतात असा ज्यांचा समज आहे त्यांनी एखाद्या गेमच्या सर्व्हरवर संध्याकाळ काढावी. फरक एवढाच, की लिस्टवरचं बोलणं पुराव्यासकट शिल्लक राहतं.

आणि तो पुरावा किती उपयोगी पडतो ते एक्सझेड या, फाइल दाबून छोट्या करणाऱ्या प्रोग्रॅमच्या प्रकरणात दिसलं. २९ मार्च २०२४ ला आंद्रेस फ्रॉइंड यांनी ‘ओएसएस-सिक्युरिटी’ लिस्टवर कळवलं, की एक्सझेडच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत मागचं दार (गुपचूप आत शिरायची वाट) घुसवलेलं आहे. एसएसएच लॉगइनला (दूरच्या मशीनमध्ये सुरक्षितपणे शिरायला) सुमारे अर्धा सेकंद जास्त का लागतो, याच्या मागे लागून ते तिथवर पोचले होते. (हेच फ्रॉइंड पोस्टग्रेसचे डेव्हलपर, एफसिंकच्या वादातही होते. अर्ध्या सेकंदासाठी जीव टाकणारी माणसं लागतात!) मग लोकांनी एक्सझेडच्या लिस्टचा अर्काइव्ह उघडला. २०२२ मधले मेल तिथे होते: आगापिछा नसलेली काही नावं, त्यांत एक भारतीय वाटणारंही, थकलेल्या एकट्या मेंटेनरला टोचत होती, की काम हळू चाललंय, दुसऱ्या कुणाच्या हाती द्या. अवघड मनःस्थितीतून जात असल्याचं तो बिचारा त्याच थ्रेडमध्ये सांगत होता. ज्याच्या हाती काम जावं म्हणून हा दबाव होता, त्याच खात्याने पुढे ते दार घुसवलं. लिस्टवर अशी दमदाटी होऊ शकली हा लिस्टचा दोष मी मान्य करतो. तेव्हा कुणी मध्ये पडलं नाही, हा त्याहून मोठा. पण हेच खासगी चॅटमध्ये झालं असतं तर नंतर जोडायला तुकडेसुद्धा मिळाले नसते.

“चालवायला कटकट.” ही आहे, आणि पोस्टमधला हाच एक मुद्दा मला मनापासून पटतो. एप्रिल २०१४ मध्ये याहूने डीमार्कचं (मेल खरंच त्या पत्त्याच्या मालकाकडून आला का, हे तपासण्याच्या व्यवस्थेचं) धोरण कडक केलं: याहूच्या पत्त्यावरून आलेला मेल तपासणीत बसला नाही तर नाकारा. आता लिस्ट काय करते? सभासदाचा मेल घेते, विषयात कंसात लिस्टचं नाव घालते, तळाला पुस्ती जोडते आणि आपल्या सर्व्हरवरून सगळ्यांना धाडते. बदल झाला की मेलवरची डिजिटल सही मोडते, सर्व्हर वेगळा म्हणून तिथेही नापास. जीमेलसारखे सर्व्हर तो परत पाठवतात, मेलमॅन (लिस्ट चालवणारं सॉफ्टवेअर) ते बाउन्स, म्हणजे परत आलेले मेल, ज्याला मेल पोचला नाही त्याच्या नावावर मांडतो, आणि काही दिवसांनी ज्यांचा काडीचा संबंध नाही अशा सभासदांची डिलिव्हरी बंद होते. सुक्याबरोबर ओलं जळतं ते असं.

उपाय दोन. एक, पाठवणाऱ्याच्या जागी लिस्टचा पत्ता घालायचा. चालतं, पण कुणी लिहिलंय ते धूसर होतं आणि खासगी उत्तर चुकून सगळ्यांना जातं. दुसरा, मेलला हातच लावायचा नाही. पोस्टग्रेसने २०१७ मध्ये लिस्टा नव्या यंत्रणेवर नेल्या तेव्हा विषयातला कंस आणि तळाची पुस्ती दोन्ही काढून टाकली. लोकांनी थोडी कुरकुर केली, मेल पोचू लागले. आमच्या लिस्टवर मी हेच ठेवलं आहे. स्पॅमसाठी नव्या पत्त्याचा पहिला मेल तेवढा अडवतो, पाहून सोडला की पुढचे थेट जातात. अर्काइव्ह पहिल्या दिवसापासून उघडा आहे आणि त्याची एमबॉक्स फाइल (सगळे मेल एकत्र असलेली) डाउनलोडला ठेवलेली आहे. ग्रुपवर अंगठा देणाऱ्यांपैकी ज्याला हे काम आपल्याकडे घ्यायचं असेल त्याने लिस्टवर मेल टाकावा, पासवर्ड लगेच देतो.