खाटा कमी आहेत, म्हणून हॉस्पिटल चालेल?

ठाणे-नवी मुंबईतल्या डॉक्टरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज सारखा फिरतो आहे. त्याचं म्हणणं असं: जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषाप्रमाणे हजार माणसांमागे ३ खाटा हव्यात, आपल्याकडे त्या नाहीत, शिवाय आता विमानतळही सुरू झाला. तेव्हा उलवे, खारघर किंवा घोडबंदरला ३० खाटांचं हॉस्पिटल काढा, पहिल्या वर्षापासून भरेल. स्पर्धा फक्त कॉर्पोरेट हॉस्पिटलांची, दर त्यांच्यापेक्षा कमी ठेवले की झालं. बाकीचं विश्लेषण सॉफ्टवेअर एका दिवसात करून देतं. आणि हो, मार्केटिंगसाठी उत्पन्नातला काही टक्का बाजूला काढा.

मी हॉस्पिटल प्रशासनात काम करते. हाच मेसेज प्रकल्प अहवाल म्हणून हातात घेऊन कर्जाला निघालेली तरुण डॉक्टर जोडपी मला भेटतात. राहतं घर तारण ठेवायची त्यांची तयारी असते. म्हणून हे लिहिणं भाग आहे.

पहिली गोष्ट, असा निकषच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने सगळ्या देशांसाठी खाटांचं एकच प्रमाण ठरवून दिलेलं नाही. आपल्या २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात हजारी २ खाटा असं उद्दिष्ट आहे, पण ते देशभराच्या सोयीसाठी आहे. एखाद्या सेक्टरमधल्या एका हॉस्पिटलला पेशंट मिळतीलच, असं त्यातून निघत नाही. आणि भागायचं कोणत्या लोकसंख्येने? आकडे हातात असलेली शेवटची जनगणना २०११ ची. तेव्हा नवी मुंबई महापालिकेत साधारण ११ लाख २० हजार लोक होते. खारघर पनवेल महापालिकेत येतं आणि उलवेही नवी मुंबई महापालिकेच्या हद्दीत नाही, तरी मेसेजवाले हाच आकडा तिथेही लावतात.

आता खाटांचा खरा हिशेब. समजा वर्षाला १,००० ॲडमिशन झाल्या आणि पेशंट सरासरी ४ दिवस राहिला, तर ४,००० खाट-दिवस वापरले गेले. ३० खाटांचे वर्षाचे खाट-दिवस होतात १०,९५०. म्हणजे ऑक्युपन्सी, भरलेल्या खाटांचं प्रमाण, ३७ टक्क्यांच्याही आत. मुक्काम ४ वरून ३ दिवसांवर आला की तेवढ्याच पेशंटांत ती २७ टक्क्यांवर उतरते. आणि मुक्काम कमीच होत चालला आहे. पित्ताशयाचं ऑपरेशन दुर्बिणीतून झालं की पेशंट बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरी जातो, मोतीबिंदूवाला तर त्याच दिवशी. पेशंट वाढले आणि खाटा तरी रिकाम्या, असं सहज होऊ शकतं. त्यात ही सरासरीही फसवी असते. पावसाळ्यात डेंगी, मलेरिया, लेप्टोने वॉर्ड भरतो, पण गणपती तोंडावर आले की हर्नियावाला 'गावाहून आल्यावर बघू' म्हणून तारीख पुढे ढकलतो. पगार मात्र बाराही महिने द्यावे लागतात.

विमानतळाबद्दल थोडक्यात. २५ डिसेंबर २०२५ पासून तिथून विमानं उडतात हे खरं, पण प्रवासी उलव्यात ॲडमिट व्हायला उतरत नाही. तिथे काम करणारा राहतो कुठे आणि त्याचं बिल कोण भरतं, हे विचारायला हवं. ईएसआयसी (कामगारांचा सरकारी विमा), कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम, महात्मा फुले जन आरोग्य योजना की स्वतःचा खिसा? या चौघांचे दर वेगळे, पैसे हातात येण्याचा वेळही वेगळा. वाशीच्या बाजार समितीत हजारो माथाडी आहेत म्हणून कोपरखैरण्यात हॉस्पिटल काढणाऱ्याने आधी हे पाहावं की तिथे माथाडींचं स्वतःचं हॉस्पिटल आहे.

'स्पर्धा फक्त कॉर्पोरेटची' हा मला यातला सगळ्यात घातक मुद्दा वाटतो. व्यवस्थापनतज्ज्ञ मायकेल पोर्टर यांनी १९७९ मध्ये स्पर्धेच्या पाच शक्ती मांडल्या: समोरचे प्रतिस्पर्धी, नव्याने येणारे, पर्याय, ग्राहक आणि पुरवठादार. छोट्या हॉस्पिटलला पुरवठादार म्हणजे औषधवाला एवढंच वाटतं. खरा पुरवठादार असतो व्हिजिटिंग सर्जन. तो तीन हॉस्पिटलांत ऑपरेशनं करतो आणि पेशंट कुठे ठेवायचा हे बरेचदा तोच ठरवतो. त्याहून मोठा प्रश्न नर्सेसचा. आयसीयूत तयार झालेली सिस्टर सरकारी भरतीत लागते किंवा परदेशी जाते. मग रात्रपाळीला माणूस नाही म्हणून चार खाटा बंद ठेवाव्या लागतात. हजारी ३ च्या हिशेबात त्या चार खाटा चालूच धरलेल्या असतात. ग्राहक म्हणावं तर पेशंटइतकीच विमा कंपनीही आहे आणि दर तीच ठरवते. मग 'दर कमी ठेवा' हा सल्ला कॅशलेस पेशंटच्या बाबतीत चालणार कसा?

सॉफ्टवेअरशी माझं वैर नाही. पण अमेरिकेत अशी साधनं चालतात, कारण तिथे मेडिकेअरची, म्हणजे ज्येष्ठांच्या सरकारी विम्याची, बिलं आणि अनेक राज्यांतल्या डिस्चार्जच्या नोंदी अभ्यासाला मिळतात. आपल्याकडे खासगी हॉस्पिटलांची अशी माहिती खुली नाही. त्यामुळे इथल्या डॅशबोर्डवर 'मार्केट शेअर' म्हणून जे दिसतं ते बरेचदा गुगलवरच्या ताऱ्यांवरून काढलेलं असतं. त्यापेक्षा चालू नर्सिंग होमचं इनडोअर रजिस्टर, म्हणजे ॲडमिट पेशंटांची नोंदवही, उघडा. पत्ते पिनकोडप्रमाणे लावा: नेरुळ ४००७०६, वाशी ४००७०३, खारघर ४१०२१०. शेजारी पेशंट कोणी पाठवला, बिल कोणी भरलं आणि 'दुसरीकडे नेतो' म्हणून कोण, का गेला, हे रकाने घाला. पेशंट कुठून येतो ते किलोमीटरमध्ये नको, मिनिटांमध्ये मोजा. संध्याकाळी घोडबंदर रोडवर अडकलेल्याला अंतर सांगून काय उपयोग? ज्यांचं हॉस्पिटल अजून उभंच नाही, त्यांनी त्या भागातल्या जीपींकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरांकडे, जाऊन बसावं आणि गेल्या महिन्यात कोणते पेशंट कुठे पाठवले ते विचारावं.

राहिली मार्केटिंगच्या टक्क्याची ओळ. तिचा अर्थ बहुतेक वेळा 'कट', म्हणजे कमिशन, असतो आणि तो उघड बोलला जात नाही. पेशंट पाठवल्याबद्दल कमिशन देणं आणि घेणं, दोन्ही भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेने निषिद्ध ठरवलं आहे. शिवाय ते पैसे शेवटी पेशंटच्याच बिलातून निघतात. जीपीला खरं हवं असतं ते वेगळंच: डिस्चार्ज समरी त्याच दिवशी मिळावी, ऑपरेशन झाल्यावर एक फोन यावा आणि पुढच्या तपासणीला पेशंट परत त्याच्याकडे यावा. त्यासाठी एक नीट माणूस पगारावर ठेवावा लागतो. कर्जाचा अर्ज भरण्याआधी सल्लागाराला हा पगार खर्चात दाखवायला सांगा आणि टक्क्याची ती ओळ खोडायला लावा. तो तयार नसेल, तर त्याच्या आराखड्यावर सही करू नका.