शंकू आधी हातात द्या

'स्क्रीनवर फिरणारी आकृती दाखवली की घनाकृती मुलांना समजतात' हे भूमिती शिकवण्यावरच्या एका लेखातलं वाक्य मला अजिबात पटलं नाही. सोलापुरात मी दहावीला भूमिती शिकवते. व्हिडिओ बघूनही मुलं शंकूची लंब उंची (टोकापासून सरळ तळाच्या मध्यापर्यंत) आणि तिरकस उंची (टोकापासून उतारावरून तळाच्या कडेपर्यंत) यांत गल्लत करायचीच. शेवटी प्रत्येकाला कार्डशीटचा शंकू कापून उलगडायला लावला. वर्तुळपाकळी, म्हणजे वर्तुळाचा पाकळीसारखा तुकडा निघाला, आणि तिची त्रिज्या म्हणजेच तिरकस उंची! तळाची त्रिज्या ५, उंची १२, तर तिरकस १३ सेंमी. पट्टीनं मोजूनच पाहिलं.

घनफळाला घरची ज्वारी. तेवढ्याच त्रिज्येच्या आणि उंचीच्या वृत्तचितीत, म्हणजे सरळ उभ्या गोल डब्यात, शंकूनं तीनदा ओतली की ती काठोकाठ भरते. शंकूच्या घनफळाच्या सूत्रात एक तृतीयांश कुठून येतं, हे मागच्या बाकावरच्या मुलीनं स्वतःहून फळ्यापाशी येऊन सांगितलं.