सहा महिन्यांत फादर? एका फॉरवर्डला उत्तर

गेल्या आठवड्यात आमच्या माजिवड्याच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड येऊन पडला. मजकूर थोडक्यात असा: चर्च दहावी झालेली गरीब पोरं उचलतं, काल बाप्तिस्मा, सहा महिन्यांचा कोर्स की झाला फादर. मग व्हॅटिकनचा पगार. आणि एकदा आत गेलं की सुटका नाही. खालच्या मजल्यावरच्या काकांनी मला थेट टॅग केलं, "तुमच्यात खरंच असं असतं का हो?" आम्ही कॅथलिक, आणि माझा मावसभाऊ फादर होण्याच्या वाटेवर पाच वर्षं चालून आलाय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी तो कोर्स. चर्चच्या कायद्याप्रमाणे तत्त्वज्ञानाची दोन आणि थिऑलॉजीची (धर्मशास्त्राची) चार, अशी किमान सहा वर्षं लागतात. त्याआधी पूर्वतयारीचा काळ वेगळा. वयाची २५ वर्षं पूर्ण झाल्याशिवाय सहसा गुरुदीक्षा, म्हणजे फादर होण्याची दीक्षा, मिळत नाही. गंमत म्हणजे सहा महिने हा आकडा कायद्यात आहे! डीकन (फादरच्या आधीची पायरी) झाल्यावर फादर होईपर्यंत मध्ये निदान तेवढं अंतर लागतं. फॉरवर्डवाल्याने तोच उचलला असेल तर कमाल आहे.

दहावीवर भागत नाही. आपल्या भागात कॉलेजच्या शिक्षणाला जेवढी शालेय तयारी लागते, तेवढी तरी हवी. भाऊ तर बी.कॉम. करून गेला. बाप्तिस्मा आणि दृढीकरणाचे (बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करणाऱ्या संस्काराचे) दाखले लागतात, तब्येत आणि मन दोन्ही ठीक आहेत का हे पाहतात. आधी दुसऱ्या सेमिनरीतून (फादर घडवणाऱ्या संस्थेतून) काढलं असेल तर तिथल्या प्रमुखांचं पत्र आणावं लागतं, त्यात कारण लिहिलेलं हवं. "चर्च" म्हणून एकच खिडकीही नाही. ठाणे, नवी मुंबईचे आम्ही लॅटिन पंथाचे (रोमच्या पद्धतीने उपासना करणारे) लोक मुंबई धर्मप्रांतात, म्हणजे मुंबईच्या बिशपच्या अखत्यारीत, त्यांची सेमिनरी गोरेगावला. वाशी-नेरूळच्या सिरो-मलबार (केरळच्या जुन्या कॅथलिक पंथाच्या) मल्याळी कुटुंबांचा कल्याण धर्मप्रांत १९८८पासून वेगळा.

काल बाप्तिस्मा घेतलेला तर उलट अडतो. नवख्या माणसाची पुरेशी पारख झाली असं बिशपना वाटेपर्यंत त्याला दीक्षा मिळत नाही.

पगाराचं म्हणाल तर ठाण्यातल्या फादरला व्हॅटिकन पैसे पाठवत नाही, उदरनिर्वाहापुरतं मानधन इथलीच व्यवस्था देते. पण आमचेही लोक छातीठोक सांगतात की सगळे फादर दारिद्र्याचं व्रत घेतात. तेही चूक. ते व्रत जेझुइटांसारख्या संन्यासी संघांतल्या फादरांचं. धर्मप्रांताचे फादर ब्रह्मचर्य आणि बिशपची आज्ञा पाळण्याचं वचन देतात.

आता सुटका. यात अर्धं खरं आहे. डीकन झाल्यावर ब्रह्मचर्यातून मोकळं करणं फक्त पोपच्या हातात. पण त्याआधी? पोरगा पेटी भरून घरी येऊ शकतो. दीक्षेसाठी कुणावर जबरदस्ती करायला कायद्यानेच मनाई आहे. आपण हे स्वतःच्या मर्जीने करतोय, असं उमेदवाराला स्वतःच्या हाताने लिहून द्यावं लागतं. दीक्षेआधी नाव चर्चमध्ये पुकारतात, लग्नाआधी पुकारतात तसंच, म्हणजे कुणाची हरकत असेल तर कळावी. एवढी वर्षं असतात ती शिकवायला असतात तितकीच पारखायला. वरिष्ठ त्याला पारखतात, तो स्वतःला.

भाऊ थिऑलॉजीच्या दुसऱ्या वर्षी परतला. सेमिनरीत कुणी अडवलं नाही, उलट बोलून-विचारून पाठवलं. अडलं ते घरी. मावशीने सगळ्यांना "माझा फादर" म्हणून सांगून ठेवलेलं. दोन महिने ती मिस्साला (चर्चमधल्या उपासनेला) शेवटच्या बाकावर बसायची आणि आशीर्वाद होताच बाहेर. फॉरवर्डवाल्याला जबरदस्तीच शोधायची असेल तर त्याने अशा घरांत डोकवावं, तिथे ती कधीकधी सापडते.

बाप्तिस्म्याच्या वहीत प्रत्येक नावाशेजारी समासात जागा असते. फादर झाला तर त्याची नोंद तिथे, लग्न झालं तरी तिथेच. मागच्या वर्षी भावाने एका कामासाठी दाखल्याची नवी प्रत काढली, तेव्हा मावशी बरोबर होती. शेऱ्यात बायकोचं नाव आणि लग्नाची तारीख आली होती. मावशीने चष्मा लावून ते दोनदा वाचलं आणि म्हणाली, "स्पेलिंग बरोबर आहे ना बघ."